उघडे दार

तंजावूरच्या राजवाड्यालगतच्या पूर्वेकडील रस्त्यावर सकाळी सहाच्या सुमारास फारशी वर्दळ नसते. कॉफीची दुकाने नुकती उघडत असतात, दारांपुढची कोलमे अजून ओली असतात, आणि घरांच्या माथ्यांवरून राजवाड्याचे उंच कूटगोपुर करड्या उजेडात हळूहळू स्पष्ट होत जाते. १८५५ पर्यंत या मनोऱ्यात राजांचे शस्त्रागार होते, असे सांगतात. त्या वर्षी दुसरे शिवाजीराजे निवर्तले. राज्याचे उरलेसुरले नाव गेले आणि शस्त्रांचे प्रयोजनही संपले. आता त्या कमानींतून पारवे ये-जा करतात.

अशाच एका सकाळी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या नातीचा हात धरून या रस्त्याने निघाले होते. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीच्या निमित्ताने केव्हातरी कावेरीकाठी आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात. मात्र ती पुण्याच्या माणसाला दोनदा ऐकावी लागते. आजोबांनी बत्तीस वर्षे तमिळ शाळेत गणित शिकवले. निवृत्तीनंतर राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन मोडी कागद वाचण्याचा छंद त्यांनी लावून घेतला. गणिताने आणि मोडीने त्यांना एकच सवय लावली होती: जे लिहिलेले नाही ते वाचायचे नाही, आणि जे लिहिले आहे ते घाईने वाचायचे नाही.

त्या सकाळचे निमित्त साधे होते. शाळेच्या वार्षिक समारंभात नातीने सिलंबम पाहिले. बांबूची काठी, जिला इथे कंबू म्हणतात, ती एका मुलीच्या हातात अशी फिरत होती की काठी दिसेनाशी होऊन तिचा नुसता आवाज उरला. त्या आवाजाने नातीला पछाडले. गच्चीवर जुन्या केरसुणीचा दांडा फिरू लागला, दोन कुंड्या फुटल्या, आणि शेवटी मुलीला रीतसर शिकवावे असे ठरले. मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर. सून म्हणाली, ‘बाबा, तुम्ही वर्ग पाहून या. तुम्ही म्हणाल तिथे घालू.’ हे वाक्य विश्वासाचे होते. म्हणूनच आजोबांना ते जड वाटले.

जड वाटण्याला आणखी एक कारण होते, आणि ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आजोबा स्वतः दहा वर्षांचे असताना, वडिलांच्या बदलीच्या गावी, एका व्यायामशाळेत जात. तिथले गुरुजी नामांकित होते. गावातले लोक त्यांना पाहून पायातले काढीत. आजोबांबरोबर शेजारचा एक मुलगाही जाई. चार महिन्यांनी तो येईनासा झाला. त्याला विचारले तर तो काही बोलेना. घरच्यांनी त्याला आळशी ठरवले, मुलांनी भित्रा ठरवले. आणि मुलांमध्ये हा शब्द पहिल्यांदा उच्चारणारे आजोबाच होते. पुढे चाळीसेक वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात दोघे भेटले. पंगती उठल्यावर, हात धुता धुता, त्या मित्राने दोन वाक्यांत सांगितले की गुरुजी त्याला सर्वांच्या नंतर एकट्याला थांबवून घेत, आणि दार लावून घेत. एवढे सांगून तो नळ बंद करून निघून गेला. आजोबांना त्या दिवसापासून एका प्रश्नाने सोडले नाही. इतके लोक त्या गुरुजींना नमस्कार करीत होते. त्यांच्यापैकी एकालाही ते दार दिसले नव्हते का?

मुलाला कोणाच्या हाती द्यावे हा प्रश्न तंजावूरच्या राजवाड्याला नवा नाही. ग्रंथालयाच्या वाटेवर आजोबा ज्या राजाच्या संगमरवरी पुतळ्यापाशी नेहमी क्षणभर थांबत, त्या दुसऱ्या सरफोजीचे बालपण हे याच प्रश्नाचे उत्तर चुकल्याची गोष्ट आहे. १७८७ साली तुळजाजीराजे आजारी पडले. मागे पुत्र नव्हता, म्हणून भोसल्यांच्याच शाखेतला एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला. मुलाचे वय तेव्हा साधारण आजच्या या नातीएवढे. राजांचा ख्रिस्ती फ्रीड्रिख श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्यावर विश्वास होता. त्यांनी मुलगा त्याच्या स्वाधीन करू पाहिला. श्वार्ट्झने ते ओझे घेतले नाही. या मुलाकडे रोज पाहणे आपल्याला जमणार नाही, हे तो जाणून होता. त्याने सुचवले की मुलाचा सांभाळ राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी करावा. सल्ला सभ्य होता आणि रीतीला धरून होता. रक्ताचा चुलता, घरातलाच माणूस. याहून भरवशाचे कोण?

तुळजाजी गेले. कंपनी सरकारने दत्तविधान नाकारून अमरसिंहांनाच गादीवर बसवले, आणि ज्याच्या हाती मुलगा सोपवला होता त्याच्या गादीला तो मुलगाच धोका ठरला. त्याला राजवाड्यात जवळजवळ कैदेत ठेवले गेले. त्याचे शिक्षण थांबले. तेव्हा श्वार्ट्झने जे केले त्यामुळे तो आजोबांच्या दृष्टीने मोठा ठरतो. माझा सल्ला चुकला, असे म्हणून तो हळहळत बसला नाही, आणि एकदा शिफारस केली म्हणून गप्पही राहिला नाही. त्याने कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या आणि मुलाला शिकवण्याची व्यवस्था व्हावी म्हणून पाठपुरावा केला. अखेर १७९३ मध्ये मुलाला तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला. पुढे याच राजाने ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना घातला, मुलांसाठी शाळा काढल्या. ज्याच्या वाट्याला लहानपणी बंद दार आले होते त्याने पुढे इतकी दारे उघडावीत, याला आजोबा योगायोग मानीत नसत. पण तसे सिद्ध करणारा कागद त्यांना मोडीत सापडलेला नव्हता, म्हणून ते तसे म्हणतही नसत.

पहिला वर्ग त्यांनी पाहिला तो कराटेचा. नातीला खरे तर कंबू हवी होती. पण सून म्हणाली होती की तोही पाहून या. एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, चकचकीत पायऱ्या चढून गेल्यावर, काचेचे कपाट चषकांनी भरलेले दिसले. भिंतीवर प्रमाणपत्रे होती. शिक्षक तरुण, अतिशय अदबशीर. त्यांनी आजोबांना खुर्ची दिली, छापील पत्रक दिले आणि दोन वर्षांत काळ्या पट्ट्यापर्यंत नेण्याची हमी दिली. प्रत्येक पट्ट्याच्या परीक्षेचे शुल्क वेगळे होते. वर्षाची फी एकदम भरल्यास सवलत होती. वर्ग आतल्या दालनात चालला होता. दाराच्या काचेला आतून कागद चिकटवलेला होता. आत बसून पाहता येईल का, असे आजोबांनी विचारले. शिक्षक हसून म्हणाले, ‘पालक बसले की मुलांचे लक्ष उडते. आमचा तो नियमच आहे.’

आजोबा पत्रक घेऊन उठले. पट्ट्यांविषयी त्यांनी थोडे वाचलेले होते. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी ज्यूदोसाठी ‘दान’ ही श्रेणी १८८३ मध्ये प्रथम दिली. कराटेने ती फुनाकोशींच्या हातून १९२४ मध्ये उचलली. म्हणजे ज्याला लोक हजारो वर्षांची परंपरा समजतात तो पट्टा तंजावूरच्या रेल्वेहूनही धाकटा आहे. शिवाय आपल्याकडे कराटेच्या संघटना एकीहून अधिक. प्रत्येकीचे प्रमाणपत्र निराळे. पट्टा खोटा असतो असे नव्हे. चांगल्या गुरूने दिलेला पट्टा म्हणजे मुलाच्या कष्टाची खूण. पण पट्ट्याने गुरू ओळखता येत नाही. गुरू ठाऊक असला तरच पट्ट्याची किंमत कळते. ज्याचे यश आधीच विकत घेता येते ते शिक्षण नव्हे, हे गणिताच्या मास्तरांना कोणी सांगायला नको होते. आणि काचेवरचा तो कागद त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यामागे काही वाईट चालले होते असे मानायला त्यांच्याकडे काहीच आधार नव्हता. पण त्यामागे चांगलेच चालले आहे असे मानायलाही आधार ठेवलेला नव्हता.

जिना उतरताना त्यांनी नातीला विचारले, ‘उद्या इथे यावंसं वाटतं का?’ ती म्हणाली, ‘आत काय करतात ते दिसलंच नाही, आजोबा.’

दुसरा वर्ग सिलंबमचा. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर मारुतीचे देऊळ आहे. त्याला लोक ‘मूलै आंजनेयर’, म्हणजे कोपऱ्यावरचा मारुती, म्हणतात. ते प्रतापसिंहराजांनी बांधवले अशी समजूत आहे. तिथे हात जोडून दोघे पुढे एका मोकळ्या मैदानावर गेली. इथे दार नव्हतेच. चिंचेखाली वयस्क आसान उभे होते. सिलंबमच्या गुरूला आसान म्हणतात. त्यांच्या घराण्यात ही विद्या चार पिढ्या चालत आलेली. पंचविसेक मुले मातीत अनवाणी उभी होती, आणि कंबूंचा तो आवाज ऐकून नातीचे डोळे चमकले. आजोबांचेही मन हलले. महाराष्ट्रातल्या लाठीकाठीची आणि दांडपट्ट्याची वर्णने त्यांनी वाचली होती. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाला नवे रूप दिल्याची कथा वडिलांकडून ऐकली होती. ही माती त्याच कुळातली वाटली.

मग त्यांनी एक मुलगा पाहिला. आठ-नऊ वर्षांचा, किरकोळ अंगाचा. पावले चुकत होती. आसानांनी त्याला पुढे बोलावले, त्याच्या चालीची नक्कल करून दाखवली. सगळी मुले हसली. मग त्याच्यासमोर एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा उभा केला आणि लढत लावली. डोक्याला काही संरक्षण नव्हते. तिसऱ्या फटक्याला कंबू बोटांवर बसली. लहान मुलाने बोटे काखेत दाबली आणि ओठ मिटून घेतले. ‘पाहा,’ आसान अभिमानाने म्हणाले, ‘आमची मुले रडत नाहीत.’

आसान वाईट गृहस्थ नव्हते. ते स्वतः असेच शिकले होते, त्यांचे वडीलही असेच. आपल्याकडे गुरूविषयीचा आदर इतका खोल आहे की त्याच्या पोटात काय काय लपले याची मोजदाद कोणी केली नाही. द्रोणांनी अंगठा मागितला आणि एकलव्याने तो दिला, ही कथा आपण शिष्याच्या निष्ठेची म्हणून सांगतो. त्या गुरूने मागितले काय, हा प्रश्न मुलाने विचारला तर त्याला गप्प बसवतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळांतून शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. पण तो कायदा शाळांसाठी आहे, चिंचेखालच्या मैदानात त्याची आठवण कोण ठेवणार? मार्शल कलेत मार लागणारच, हे आजोबांना मान्य होते. काठी शिकायची आणि ओरखडा नको, असे चालत नाही. पण चुकून लागलेला मार आणि लाजवण्यासाठी लावलेला मार यांतला फरक नऊ वर्षांच्या मुलाला पक्का कळतो. तो विसरतात मोठी माणसे. वर्गाची पारख सर्वांत हुशार मुलाकडे पाहून होत नाही, सर्वांत मागे पडलेल्या मुलाकडे पाहून होते. हे त्यांना बत्तीस वर्षांच्या फळ्याने शिकवले होते.

परतताना नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तो मुलगा रडत नव्हता, पण त्याला रडायचं होतं.’

यानंतर दोन आठवडे आजोबा कुठेच गेले नाहीत. नात रोज विचारी, ते रोज पुढे ढकलीत. आपण निवड करीत नाही, नुसते निवडीपासून पळतो आहोत, हे त्यांना उमगू लागले होते. मित्राची ती दोन वाक्ये त्यांना प्रत्येक दारात दिसत होती. आणि भीतीच्या नावाखाली एका मुलीची आवड हिरावून घेणे हाही एक प्रकारे दार बंद करण्याचाच प्रकार होता.

तिसरा वर्ग त्यांना एका जुन्या विद्यार्थिनीमुळे कळला. शिवगंगा तलावाच्या बाजूला, एका शाळेच्या पटांगणावर, चाळिशीतल्या एक बाई संध्याकाळी सिलंबम शिकवीत. कपाट नव्हते, चषक नव्हते. फाटक उघडे होते आणि कट्ट्यावर तीन-चार आया बसलेल्या होत्या. आजोबांनी तासभर पाहिले. बाईंनी प्रथम प्रत्येक मुलाची कंबू हातात घेऊन तिच्यावर अंगठा फिरवला. एका काठीला चीर गेली होती, ती बाजूला ठेवली. नवीन मुलांच्या हाती काठी दिलीच नाही. त्यांच्याकडून नुसती कालडी, म्हणजे पावलांची मांडणी, करून घेतली. एका मुलीचे मनगट वळत नव्हते. बाईंनी आधी स्वतःच्या हातावर दाखवले, मग विचारले, ‘हात धरून दाखवू का?’ मुलीने मान हलवली तेव्हाच धरला. लढतीची वेळ आली तेव्हा एक मुलगा म्हणाला, आज नको. बाई म्हणाल्या, ‘बरं, तू गुण मोज.’ कोणी हसले नाही.

वर्ग सुटल्यावर आजोबांनी प्रश्न विचारले. तमिळमधले ते संभाषण एखाद्या परीक्षेसारखे झाले. पण परीक्षा देणाऱ्याला राग आला नाही. शेवटचे मूल जाईपर्यंत इथे कोण असते? बाई म्हणाल्या, एक मदतनीस आणि मी, दोघीही. एकटे मूल आम्ही ठेवीत नाही. बाहेरगावच्या स्पर्धांना? प्रत्येक वेळी दोन पालक बरोबर येतात. ते मिळाले नाहीत तर आम्ही जात नाही. मोबाइलवर निरोप? पालकांना पाठवते, मुलांना नाही. २०२१ मध्ये तमिळनाडू शासनाने सरकारी नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या तीन टक्के राखीव जागांसाठी सिलंबमही धरले; त्याचा पुढे हिला उपयोग होईल का? ‘होईल की नाही मला सांगता येत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘पाठ सरळ होईल, एवढं सांगते.’ फी विचारली तेव्हा म्हणाल्या, ‘वर्षाची नको. महिन्याची द्या. आणि कळवून येऊ नका. वाटेल त्या दिवशी या.’

‘मला सांगता येत नाही’ हे शब्द आजोबांना सर्वांत आवडले. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका पाद्र्यानेही आपल्याला काय जमणार नाही ते आधी सांगितले होते. विश्वासू माणसाची खूण बहुधा हीच असते: त्याला आपल्या हाताची मर्यादा माहीत असते, आणि ती तो दुसऱ्याला दाखवतो.

तरीही त्या रात्री, नातीला निजवताना, त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. गुरूचे ऐकावे, पावले कशी टाकावीत, काठी कशी धरावी, सगळे ऐकावे. पण कोणीही, कितीही मोठा माणूस असो, ‘हे घरी सांगू नकोस’ असे म्हणाला, तर तेच आधी घरी सांगायचे. ‘तुम्ही रागावला तर?’ तिने विचारले. ‘मी रागावलो तरी सांगायचं. आई आहे, बाबा आहेत. आणि आम्ही कोणीच ऐकलं नाही, तर हा क्रमांक आहे, दहा-नव्वद-आठ. तो मुलांसाठीच आहे.’ तिने क्रमांक दोनदा म्हटला आणि झोपली. आजोबा मात्र जागे राहिले. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, विश्वासाच्या वा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने केलेला गुन्हा अधिक गंभीर धरला आहे. आणि असा गुन्हा ठाऊक असून कळवला नाही तर गप्प बसणाराही दोषी ठरतो. हा कायदा त्या मित्राच्या दहाव्या वर्षी नव्हता. पण कायदा नव्हता म्हणून दार दिसत नव्हते असे नाही. कोणी पाहायला उभेच राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला आणि सुनेला निर्णय सांगितला, आणि त्याबरोबर त्या मित्राची गोष्टही. साठ वर्षे ती त्यांच्यापाशी होती असे नव्हे. पण वीस वर्षे होती. बोलून झाल्यावर ते म्हणाले, ‘मी वर्ग निवडला म्हणजे तुम्ही निश्चिंत झालात असे समजू नका. मीही झालेलो नाही.’ सून काही बोलली नाही. मात्र पुढच्या शनिवारी ती सुटी काढून स्वतः पटांगणाच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

शिवगंगेच्या त्या बाजूलाच श्वार्ट्झच्या काळातले, १७७९ मध्ये बांधलेले चर्च आहे. आत सरफोजीने इंग्लंडमधून जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतलेला संगमरवरी पट आहे. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ, त्याचा हात हाती घेतलेला राजा, आणि बाजूला उभी असलेली शाळेतली मुले. आजोबा तो पट पूर्वी अनेकदा पाहून आले होते. प्रत्येक वेळी राजाकडे आणि पाद्र्याकडे पाहिले होते. या वेळी ते त्या मुलांसमोर उभे राहिले. ज्यांच्यासाठी हे सगळे, ती त्या दगडात कडेला उभी आहेत.

नातीला वर्गात घालून आता चार महिने झाले आहेत. अजून तिच्या हाती कंबू आली ती नुसती फिरवण्यापुरती. लढत दूरच आहे. आजोबा आठवड्यातून एकदा, कधी सोमवारी, कधी गुरुवारी, न कळवता जातात. बाई एकदा मान वर करून पाहतात आणि पुन्हा मुलांकडे वळतात. फाटक उघडे असते. आजोबा कट्ट्यावर बसतात, आणि सर्वांत आधी ज्याची पावले चुकत असतील ते मूल शोधतात. परवा ते मूल त्यांची नातच होती. ती चुकली, थांबली, पहिल्यापासून पुन्हा सुरू केले. मग तिचे लक्ष कट्ट्याकडे गेले. पण तिने हात हलवला नाही, कारण दोन्ही हातांत काठी होती.